महिन्याचे बारा दिवस: मन्नारच्या आखातात बुडी मारणाऱ्या बायकांचं प्रकरण

उन्हाळ्यात दुधात चायना ग्रास घालून वड्या पाडणाऱ्या घरांत ते गवत नसतं हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ते आगर, समुद्रातल्या लाल शेवाळापासून काढलेलं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुना 'कल्चर'ला दिला की जंतू वाढवायला जी बशी वापरतात, तिच्यातला थरथरता थरही आगरचाच. (तिथे आगर पोचलं तेही स्वयंपाकघरातूनच. १८८१ च्या सुमारास जर्मनीत फॅनी हेस या बाईंनी जेली घट्ट करायचा हा पदार्थ वापरून बघा, असं प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आपल्या नवऱ्याला सुचवलं.) भारतात आगरच्या कारखान्यांना लागणारं, समुद्रात आपोआप उगवणारं शेवाळ मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातून येतं. तिथे ते काढतात बायका. पाण्याखाली, श्वास रोखून, हाताने.

त्यांच्या एका निर्णयाचं हे प्रकरण आहे. ज्या पाण्यावर पोट होतं ते कायद्याने बंद झालं, तेव्हा या बायकांनी आपणहून ठरवलं की महिन्यातले बाराच दिवस बुडी मारायची. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. गाव पांबन आणि मंडपमच्या पट्ट्यातलं आहे, आणि घटनाक्रम त्या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांना लागू पडेल असा आहे. कोकणात मच्छीमार संस्था, बचत गट आणि वन खातं यांच्यामध्ये उभं राहून काम करणाऱ्यांना यात ओळखीचं बरंच सापडेल.

निर्णय शहाणपणाचा होता, हे माझं मत सुरुवातीलाच सांगतो. खोट राहिली ती क्रमात. मर्यादा आधी दिली गेली, हक्क नंतर मागितला गेला.

पार्श्वभूमी

रामेश्वरमपासून दक्षिणेला थुत्तुकुडीपर्यंत किनाऱ्याच्या समोर, मन्नारच्या आखातात, २१ छोट्या बेटांची रांग आहे, साधारण १४० किलोमीटर लांबीची. बेटांभोवती प्रवाळाचे कट्टे, त्यांच्या आडोशाला उथळ आणि उबदार पाणी. मेलेल्या प्रवाळावर आणि खडकांवर शेवाळ धरतं. बायका ते चार प्रकारांत मोजतात. मरीकोळुंदु पासीला (पासी म्हणजे शेवाळ) सगळ्यांत चांगला भाव, कारण तिच्यापासून प्रयोगशाळेत चालणारं उत्तम आगर निघतं. कंजी पासीपासून खाण्याचं आगर होतं. कट्टकोरै आणि पकोडा पासी या तपकिरी जाती. त्यांच्यापासून अल्जिनेट काढतात, ते कापडछपाईपासून आइस्क्रीमपर्यंत कुठेही लागतं.

धंदा फार जुना नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी आगर मिळेनासं झालं, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरच्या शेवाळाकडे संशोधकांचं लक्ष गेलं. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं मुख्यालय दोन दशकांहून अधिक काळ मंडपमलाच होतं, १९७१ साली ते कोचीला हललं. व्यापारी तत्त्वावर शेवाळ काढणं सुरू झालं ते १९६०च्या दशकात. म्हणजे आज बुडी मारणाऱ्या बाईची आजी पहिल्या पिढीतली. 'परंपरागत' हा शब्द या धंद्याला लावताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं, कारण पुढे कायद्याच्या भाषेत हाच शब्द अडचणीचा ठरतो. समुद्र, बुडी, वारा आणि पाण्याची ओढ ओळखणं हे मात्र या मच्छीमार घरांत त्याहून कितीतरी जुनं आहे.

काम असं चालतं. पहाटे काही बायका मिळून एक होडी धरतात आणि डिझेलचा खर्च वाटून घेतात. डोळ्यांना गॉगल, बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळून वर हातमोजे, पायात रबरी चपला, कमरेला जाळीची पिशवी. खडक धारदार असतात, त्यामुळे चिंध्या गुंडाळूनही बोटं कापायची ती कापतातच. अंगावर रोजचीच वस्त्रं, वर एखादा जुना शर्ट. कंबरभर पाण्यापासून दोन पुरुष खोलीपर्यंत बुडी मारायची, मिळेल तेवढं उपटायचं, वर यायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. असे पाच-सहा तास. परत आल्यावर शेवाळ वाळूवर पसरून वाळवायचं, त्यातली माती आणि शिंपले झटकायचे, आणि सुक्या वजनावर व्यापाऱ्याला द्यायचं. व्यापारी बहुतेक वेळा आधी उचल देऊन बसलेला असतो, त्यामुळे भाव ठरवताना बाईच्या हातात फारसं काही नसतं. माल पुढे मदुराईकडच्या कारखान्यांत जातो.

मासे पकडणाऱ्या घरांतल्या या बायका, पण या स्वतः मासे पकडत नाहीत. सरकारी नोंदीत 'मच्छीमार' म्हटलं की डोळ्यांसमोर होडी आणि जाळं असलेला पुरुष येतो, आणि त्याच्याबरोबरची बाई म्हणजे बाजारात मासे विकणारी. पाण्यात उतरून स्वतःची कमाई करणारी बाई या दोन्ही खणांत बसत नाही. आपल्याला स्वतःच्या नावाने मच्छीमार म्हणून ओळख मिळावी, ही त्यांची मागणी अनेक वर्षांची आहे.

अडचण

१९८६ साली ही २१ बेटं आणि भोवतालचं पाणी मिळून सुमारे ५६० चौरस किलोमीटरचं सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. १९८९ साली त्याच्या भोवती १०,५०० चौरस किलोमीटरचं जीवावरण राखीव क्षेत्र आलं, देशातलं पहिलं सागरी. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली राष्ट्रीय उद्यानातून परवान्याशिवाय काहीही काढणं गुन्हा आहे. शेवाळही त्यात आलं.

कायद्यात एक पायरी आहे. उद्यानाची हद्द ठरवताना तिथल्या लोकांचे हक्क तपासायचे आणि निकाली काढायचे. जमिनीवर हे काम निदान सात-बारा हातात घेऊन सुरू तरी होतं. समुद्राला सात-बारा नाही. खडकाखाली कुणाची बाई किती वर्षं बुडी मारते याचा कागद ना तलाठ्याकडे, ना वन खात्याकडे, ना तिच्याकडे.

पहिली काही वर्षं बंदी बरीचशी कागदावर राहिली. २००२ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय निधीवर संवर्धनाचा मोठा प्रकल्प सुरू झाला, राखीव क्षेत्रासाठी विश्वस्त संस्था काम करू लागली, आणि बंदोबस्त खरा झाला. बेटांवर उतरायला मनाई, होड्या अडवणं, काढलेलं शेवाळ जप्त, दंड. दिवसभर पाण्यात राहून आणलेला माल एका फेरीत जायचा आणि व्यापाऱ्याची उचल डोक्यावर तशीच.

वन खात्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि या प्रकरणात ते नीट मांडायला हवं. प्रवाळ इथे खरोखर धोक्यात होतं. चुना आणि सिमेंटसाठी कित्येक दशकं प्रवाळ खणून नेल्यामुळे २१ पैकी दोन बेटं पाण्याखाली गेली. १९९८ साली समुद्र तापला आणि प्रवाळ पांढरं पडलं. तसंच पुढे २०१० आणि २०१६ साली झालं. २००१ साली प्रवाळाला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं, संरक्षण मिळालं. कट्ट्यावर माणसं पाय देणार, खडक उलथणार, शेवाळ मुळासकट खरवडणार, तर नुकसान होणारच, असं खातं म्हणत होतं. शेवाळ खरवडून निघालं की तिथे नवं धरायला वेळ लागतो, हे बायकांनाही मान्य होतं. वर्षागणिक माल कमी लागतोय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

बायकांचं म्हणणं वेगळ्या जागी होतं. प्रवाळ खणलं ते चुनेवाल्यांनी, तळ खरवडतात ते ट्रॉलर, आणि बोट अडवली जाते ती आमची. समुद्रातला सगळ्यांत दुबळा माणूस पकडायला सगळ्यांत सोपा, हा अनुभव कोकणात किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरालाही आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे काहीच न ठरवणं. चोरून जायचं, दिसलो तर पळायचं, पकडलो तर दंड भरायचा. काही काळ बरंचसं हेच चाललं. यात रोजची कमाई टिकत होती, पण एक छुपी किंमत होती. चोरून जाणारी बाई घाईत असते. घाईत शेवाळ कापलं जात नाही, उपटलं जातं. म्हणजे बंदीमुळे नुकसान कमी होण्याऐवजी त्याची पद्धत बिघडत होती.

दुसरा, रस्त्यावर आणि कोर्टात. मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली. २००६ साली वनहक्क कायदा आला तेव्हा एक दार किलकिलं झालं. या कायद्यात पाण्यातले मासे आणि पाण्यातल्या इतर उत्पादनांवरचे सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेले आहेत, आणि राष्ट्रीय उद्यानंही त्यातून वगळलेली नाहीत. पण जे अनुसूचित जमातीचे नाहीत त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहून त्या वनावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं. समुद्र हे 'वन' आहे का, इथूनच वाद सुरू होतो. त्यात शेवाळाचा व्यापार १९६०च्या दशकातला. बुडीचं ज्ञान जुनं असलं तरी पावती नवी.

तिसरा पर्याय खात्याने आणि विश्वस्त संस्थेने पुढे केला: हे काम सोडा, कर्ज घ्या, दुसरं काही करा. ज्यांच्याकडे जमीन नाही आणि हातात एकच कसब आहे त्यांना शेळी किंवा शिवणयंत्र देऊन समुद्र विसरायला लावणं, ही योजनाकारांची जुनी हौस आहे. काहींना त्याचा उपयोग झालाही. पण बुडीच्या कामाची रोख, त्याच दिवशी कळणारी कमाई त्यातून भरून येत नव्हती.

चौथा पर्याय सगळ्यांत आकर्षक होता, म्हणून त्यावर थोडं थांबतो. कप्पाफायकस नावाचं परदेशी शेवाळ भावनगरच्या केंद्रीय संशोधन संस्थेने मंडपमला आणून वाढवून पाहिलं होतं. २००० नंतर पेप्सीकोने त्याची कंत्राटी शेती सुरू केली. तीन मीटर बाय तीन मीटरचा बांबूचा तराफा, दोऱ्यांना बांधलेले तुकडे, साधारण ४५ दिवसांत पीक. यातून कॅराजीनन मिळतं, टूथपेस्टपासून दुधाच्या पदार्थांपर्यंत सगळीकडे खपणारं. बायकांना किनाऱ्याजवळ काम, बुडी नाही, पकडापकडी नाही. मग लोक याला का चिकटले नाहीत? काही जणी गेल्याही. पण ही शेती मंडपमच्या उत्तरेकडच्या पाल्क उपसागराच्या शांत पाण्यात जमते, सगळ्या गावांना ते पाणी नाही. तराफ्याला भांडवल लागतं. खरेदीदार एकच. शिवाय २००८ साली संशोधकांनी नोंदवलं की हे शेवाळ कुरुसडै बेटाजवळ जिवंत प्रवाळावर पसरत आहे. राज्य सरकारने २००५ सालीच त्याच्या लागवडीला ठरावीक पट्ट्यांची मर्यादा घातली होती. पुढे पाणी तापलं तेव्हा पीक कोसळलं आणि बरेच जण कर्जासकट बाहेर पडले. हातात पिशवी घेऊन बुडी मारणाऱ्या बाईला 'प्रवाळाचा शत्रू' म्हटलं जात असताना, तिच्यासाठी पर्याय म्हणून आणलेली जातच प्रवाळावर चढली, ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी वाटते.

पाचवा पर्याय बायकांनीच काढला: स्वतःवर नियम घालायचे, ते उघडपणे पाळायचे आणि त्या जोरावर बोलणी करायची.

काय केलं

२००० नंतरच्या दशकात गावोगावचे गट जोडले जाऊन जिल्ह्याच्या पातळीवर बायकांचा महासंघ उभा राहिला. त्यांच्या पाठीशी मच्छीमारांच्या संघटना होत्या आणि छोट्या मच्छीमारांसाठी काम करणाऱ्या संस्थाही. नियम टप्प्याटप्प्याने आले. ठळक तीन.

महिन्याला बारा दिवस. पौर्णिमेच्या आसपास सहा, अमावस्येच्या आसपास सहा.

एप्रिल-मेमध्ये पूर्ण बंद. पूर्व किनाऱ्यावर ट्रॉलरना ४५ दिवसांची बंदी असते (२०१७ पासून ती १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवसांची झाली). ती बंदी यंत्रचालित बोटींसाठी आहे. हाताने शेवाळ काढणाऱ्या बायकांना ती लागू नव्हती, तरी त्यांनी तिच्याशी आपलं काम थांबवणं जोडून घेतलं.

आणि धातूची हत्यारं बंद. हाताने काढायचं, बूड खडकावर राहू द्यायचं म्हणजे पुन्हा फुटवा येतो.

यातला पहिला नियम जरा बारकाईने बघण्यासारखा आहे, कारण तो का टिकला याचं उत्तर त्याच्या रचनेत आहे. पौर्णिमा-अमावस्येला उधाण. भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी. पाणी उतरतं, खडक जवळ येतात, बुडी आखूड होते. मधल्या आठवड्यांत, आपल्याकडे ज्याला भांग म्हणतात त्या दिवसांत, पाणी फार हलत नाही आणि त्याच मेहनतीत माल कमी मिळतो. मन्नारच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक कोकणाच्या मानाने अगदी थोडा, जेमतेम एक मीटरच्या आतला. पण श्वास रोखून काम करणाऱ्याला हातभर पाणीही मोजावं लागतं. म्हणजे बायकांनी सोडले ते मुख्यतः कमी उताऱ्याचे दिवस. कमाई घटली, पण दिवसांच्या प्रमाणात घटली नसावी. हाच नियम कुणी बाहेरच्याने 'महिन्याच्या पहिल्या बारा तारखा' असा लिहिला असता तर तो पहिल्या महिन्यातच मोडला असता.

दुसरी जमेची बाजू होडीची. बाई एकटी बेटापर्यंत जाऊ शकत नाही, होडी सामायिक असते. ज्या दिवशी होडी सुटत नाही त्या दिवशी कुणीच जात नाही. पहारेकरी न नेमता पाळला जाणारा नियम हवा असेल तर अशी एक अरुंद जागा लागते, जिथून सगळ्यांनाच जावं लागतं. इथे ती आयती होती. शिवाय आकाशात चंद्र दिसतो. आज जायचा दिवस आहे की नाही हे विचारायला कुणाच्या दारात जावं लागत नाही.

हे सगळं झाल्यावर महासंघ खात्याशी आणि जिल्हा प्रशासनाशी बोलू लागला. सूर बदलला होता. 'आम्हाला सोडा' ऐवजी 'आम्ही राखतो, आम्हाला राखणदार म्हणून माना'. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने छोट्या मच्छीमारीसाठी स्वेच्छेची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. त्यात किनाऱ्यावर गोळा करणाऱ्या, मासळी सुकवणाऱ्या बायकांचं कामही मच्छीमारीच आहे, अशी भूमिका आहे. संस्थांना बोट ठेवायला जागा मिळाली.

काय झालं

तणाव कमी झाला. पूर्ण मिटला असं म्हणता येणार नाही, पण रोजची पकडापकडी राहिली नाही आणि बायका खात्याच्या बैठकांना बसू लागल्या. २०१५ साली या पट्ट्यातल्या, महासंघाचं नेतृत्व करणाऱ्या एका बाईला बेटांच्या संवर्धनासाठी दिला जाणारा सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला, दहा हजार डॉलरचा. बुडी मारून कुटुंब चालवणारी बाई आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर संवर्धक म्हणून उभी राहिली. त्याच्या दहा वर्षं आधी तिच्याच शेजारणीचा माल गुन्ह्याचा मुद्देमाल म्हणून जप्त होत होता.

कागदावर मात्र फरक पडला नाही. उद्यानाच्या हद्दीत शेवाळ काढणं आजही मना आहे. बायका जातात ती सवलत म्हणून, आणि सवलत अधिकाऱ्याबरोबर बदलीवर जाऊ शकते. बारा दिवसांचा नियम खात्याच्या कोणत्याही आदेशाचा भाग नाही, त्यामुळे तो पाळणाऱ्या बाईला आणि मोडणाऱ्या बाईला कायदा एकाच नजरेने पाहतो.

भावातही फरक नाही. कमी दिवसांत काढलेलं, बूड राखून काढलेलं शेवाळ व्यापाऱ्याच्या तराजूत इतर शेवाळासारखंच असतं.

आणि समुद्र बदलतोच आहे. शेवाळाचे महिने पूर्वीसारखे राहिले नाहीत, हंगाम आखडला आहे, असं बायका सांगतात. नियमांमुळे शेवाळ किती वाढलं हे मोजून दाखवता येईल अशी नोंद त्यांच्या स्वतःच्या हाती नाही. ही उणीव पुढच्या भागात येते.

दरम्यान सरकारचा कल लागवडीकडे गेला. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तमिळनाडूसाठी बहुउद्देशीय समुद्री शेवाळ उद्यानाची घोषणा झाली आणि २०२३ साली रामनाथपुरम जिल्ह्यातच १२७.७१ कोटींच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. शेवाळावरच्या सरकारी बातम्यांत बायका भरपूर दिसतात, तराफ्याशेजारी उभ्या. बुडी मारणाऱ्या त्यात शोधाव्या लागतात.

जेजूची तुलना

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायकांचं उदाहरण अशा चर्चांत हमखास निघतं. त्याही ऑक्सिजनची टाकी न घेता दहा-दहा मीटर बुडी मारून अबालोनसारखे गोगलगायींच्या जातीचे शिंपले, समुद्री साळिंदर आणि शेवाळ काढतात. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या संस्कृतीला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला. त्यांचेही दिवस ठरलेले, बंद हंगाम ठरलेला, लहान शिंपला परत टाकायचा नियम. टाकी वापरायची नाही हाही सामूहिक निर्णय, कारण टाकी असेल तर एकीला सगळा खडक साफ करता येतो.

म्हणजे नियमांचा गाभा सारखाच. फरक हा की १९६०च्या दशकापासून तिथे गावाच्या मच्छीमार सहकारी गटाला किनाऱ्याजवळच्या पाण्यावर कायदेशीर हक्क आहे. गटाची सदस्य असेल तीच तिथे बुडी मारणार. नियम मोडणारीला गट अडवू शकतो, बाहेरच्याला हाकलू शकतो. मन्नारच्या बायकांना त्यांच्या खडकावर दुसऱ्या गावची होडी आली तर तिला थांबवण्याचा अधिकार नाही, कारण त्यांनाच तिथे असण्याचा नाही.

पण हक्क मिळाला की जगणं टिकतं, असा सरळ हिशेब जेजूतूनही निघत नाही. १९६५ च्या सुमारास तिथे २३,००० हेन्यो होत्या. २०१६ साली चार हजारांच्या आसपास, आता तीन हजारांहून कमी, आणि त्यातल्या बहुसंख्य साठीच्या पुढच्या. संत्र्याच्या बागा, पर्यटन, मुलींचं शिक्षण. आयांनीच मुलींना पाण्यातून बाहेर काढलं. मदत, आरोग्य सेवा, नव्यांसाठी शाळा असं सगळं करूनही उतार थांबलेला नाही. रामनाथपुरमच्या बायकाही मुलींना शिकवतात ते बुडी मारायला लागू नये म्हणूनच. जगण्याची ही रीत 'जपावी' असं आपण बाहेरून म्हणतो तेव्हा ती कुणाच्या मुलीच्या अंगाने जपायची, हे विचारायचं राहून जातं. मला वाटतं, या बायका वारसा राखायला निघालेल्या नाहीत. आपण हयात असेपर्यंत आपल्याला चोर म्हटलं जाऊ नये आणि खडक रिकामा होऊ नये, एवढ्यासाठी त्या भांडत आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

मर्यादा आणि मान्यता एकाच कागदावर आणायला हव्या होत्या. बारा दिवसांचा नियम हा बायकांच्या हातातला एकमेव हुकमाचा पत्ता होता आणि तो बोलणी सुरू होण्याआधीच टेबलावर पडला. नियम आधी पाळून विश्वास कमावला हेही खरं, आणि त्या परिस्थितीत दुसरं काही सुचणं कठीण होतं. पण 'वर्षभर पाळून दाखवतो, मग लेखी सहमती करा' असा मुदतीचा प्रस्ताव ठेवता आला असता. मुदत नसली की समोरच्याला घाई नसते.

दुसरं, नोंद. प्रत्येक होडीमागे तारीख, किती बायका, कोणत्या बेटाजवळ, कोणती पासी, सुकं वजन किती, एवढी पाच खणांची वही. गटातली शाळेत जाणारी कुणाचीही मुलगी ती लिहू शकली असती. दहा वर्षांच्या अशा वह्या असत्या तर वनहक्काच्या दाव्यात त्या पुरावा ठरल्या असत्या, संशोधकांपुढे आकडे ठरल्या असत्या, आणि व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर नजर ठरल्या असत्या. एकाच वहीने तीन कामं. शिक्षण नसलेल्या गटांना नोंद जमत नाही ही सबब मला पटत नाही. ज्या बायका तिथीवरून समुद्र वाचतात त्यांना पाच खण जड नाहीत. वही कुणी सुचवली नाही, कारण पाठिंबा देणाऱ्या संस्थांना लढा दिसत होता, हिशेब दिसत नव्हता.

तिसरं, उचल. संघटना खात्याशी बोलण्यासाठी बांधली गेली, व्यापाऱ्याशी बोलण्यासाठी नाही. दिवस कमी करायचे तर किलोमागे भाव वाढायला हवा, नाहीतर संवर्धनाचा सगळा खर्च बुडी मारणारीच्या घरातून जातो. पाच गावांनी मिळून सुकं शेवाळ एका कोठारात ठेवून एकत्र विकलं असतं, तर कारखान्याशी थेट बोलता आलं असतं. यात धोका आहे: उचल बंद झाली की आजारपणाला आणि शाळेच्या फीला पैसा कुठून? म्हणून आधी गटाची बचत, मग उचलीतून सुटका, मग एकत्र विक्री, असाच क्रम लागतो, आणि त्याला तीन-चार वर्षं जातात. पण नियम सुरू करतानाच हे सुरू करायला हवं होतं.

कप्पाफायकसबद्दल एवढंच. बाहेरून आलेला पर्याय स्वीकारताना तो कोसळला तर कर्ज कुणाचं, हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारायचा.

मालवणला १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि स्थानिक मच्छीमारांचा त्याला तेव्हापासून विरोध राहिला. तिथे ओहोटीला खडकांवर कालवं काढणाऱ्या, खाडीत मुळे आणि तिसऱ्या हे शिंपले वेचणाऱ्या बायका आहेत. त्यांचीही नोंद कुठे नाही. हे काम त्या उधाणाच्या ओहोटीलाच करतात, म्हणजे मन्नारसारखा दिवसांचा नियम त्यांच्याकडे न लिहिता चालूच आहे. उद्या कुणी हद्दीची खरी आखणी करायला आलं, तर त्या वेळी निवेदन लिहायला बसण्यापेक्षा आत्ताच, येत्या अमावस्येपासून, प्रत्येक वाडीत एक वही सुरू करता येईल: तारीख, जागा, किती जणी, काय मिळालं, किती वजन. ग्रामसभेत वर्षातून एकदा ती वाचून ठरावाच्या पुस्तकात नोंदवायची. सही सरपंचाची, प्रत मत्स्य खात्याला, पोच घेऊन.